मामंजी आणि रिकामी कार्ट्रिजं

आमच्या मामंजींना रिकामी वस्तू बघवत नाही. रिकामी बाटली दिसली की ती धुऊन तिच्यात काय भरता येईल हे शोधायला लागतात, आणि घरातलं कुणी रिकामं बसलेलं दिसलं तर त्यालाही काहीतरी भरायला बसवतात. मामंजी म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी त्यांनी एका मोठ्या इस्पितळाच्या लॅबमध्ये केली. रक्त काढायचं काम. तिथे त्यांना 'डास' म्हणायचे, तेही तोंडावर, आणि ते हसून ऐकून घ्यायचे, कारण त्यात कौतुक होतं. सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली हे पेशंटला कळायचंच नाही.

"डास निदान चावायच्या आधी गुणगुणतो," सासूबाई म्हणतात. "हे चावून घरी येणार, आणि मग दिवसभर त्याचंच गाणं."

निवृत्त झाल्यावर त्या हाताला काही काम हवं होतं. ते मिळालं कोपऱ्यावरच्या पेनांच्या दुकानात. दुकानदाराकडे जुनी शाईची पेनं असत, दिसायला देखणी, पण त्यांच्यात बसणारी कार्ट्रिजं कंपनीने बनवायची बंद केलेली. कार्ट्रिज म्हणजे शाईने भरलेली करंगळीहून बारीक प्लास्टिकची नळी. पेनात खोचायची, संपली की फेकायची आणि नवी घालायची, अशी बनवणाऱ्याची अपेक्षा. मामंजींना ती अपेक्षाच मंजूर नव्हती. "फेकायचं कशाला? चांगली धडधाकट नळी आहे," म्हणाले, आणि मूठभर रिकामी कार्ट्रिजं खिशात घालून घरी आले.

तेव्हापासून मागच्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबल त्यांचं झालं. एका पत्र्याच्या डब्यात सगळी हत्यारं. एक सिरिंज, आणि तिची लांब सुई धार लावायच्या दगडावर घासून मुद्दाम बोथट केलेली. माझ्या मुलीचं तान्हेपणी नाक साफ करायचा रबरी फुगा, जो मी शोधून शोधून थकले होते, तोही त्याच डब्यात सापडला. कापूस, दात कोरायच्या काड्या, जुन्या बनियनचे तुकडे. आधी फुग्याने कार्ट्रिजमध्ये कोमट पाणी मारायचं, ते नितळ बाहेर येईपर्यंत. मग झटकून वाळवायचं. मग सिरिंजमध्ये शाई ओढून सुई थेट तळाला टेकवायची.

"वरून ओतलीस तर मध्ये हवा अडकते," मला शिकवताना म्हणाले. "मग पेन अर्ध्या ओळीत रुसून बसतं. तळापासून भरत यायचं, आणि शाई चढेल तशी सुई वर घ्यायची. घाई नाही."

"एवढी सबुरी माझ्याशी बोलताना दाखवली असती तर," आतून सासूबाई.

"तू कुठे तळापासून भरू देतेस? तुझं बूच कायम उघडं."

अशी त्यांची जुगलबंदी चालायची. मी भाजी निवडत ऐकायची.

पहिली काही वर्षं ते डाव्या हाताच्या चिमटीत कार्ट्रिज धरून उजव्याने भरत. मग एके दिवशी टेबलावर एक जाडजूड खोडरबर आलं. त्याला मधोमध भोक पाडलेलं, कार्ट्रिज त्यात उभं राहायचं. मला ती युक्ती वाटली. नंतर त्यांच्या मनगटाखाली घडी घातलेला टॉवेल आला, आणि त्या टॉवेलावर निळे शिंतोडे दिसायला लागले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मामंजींचा हात कापायला लागला आहे.

शाईच्या चार थेंबांनी काही बिघडत नाही. पण तोच हात सकाळ-संध्याकाळ सासूबाईंना इन्सुलिन टोचत होता.

सासूबाईंची साखर बऱ्याच वर्षांची. इन्सुलिन सुरू झालं त्या दिवसापासून ते मामंजींनीच द्यायचं असा घरचा कायदा. मी एकदा सिरिंज हातात घेतली तर सासूबाईंनी पोटावरचा पदर घट्ट धरला. "तू पोळ्या छान करतेस," म्हणाल्या, "तेवढ्यावर थांब." त्यामुळे हात कापतो हे मला दिसत होतं, ह्यांनाही, म्हणजे माझ्या नवऱ्यालाही, दिसत होतं, आणि सासूबाईंना तर सगळ्यांच्या आधी दिसलं असणार. पण त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

शेवटी ह्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारून इन्सुलिनचं पेन आणलं. दिसायला अगदी पेनासारखंच. आत औषधाचं तयार कार्ट्रिज, मागे गोल फिरवायची चकती. आकडा लावायचा, टेकवायचं, दाबायचं. कार्ट्रिज संपलं की टाकून द्यायचं आणि नवं बसवायचं.

मामंजींनी ते उलटसुलट करून पाहिलं. मुलीला बघायला आलेल्या, पण पसंत न पडलेल्या मुलाकडे बघावं तसं. "यात माझं काय काम राहिलं? टकटक करायचं आणि दाबायचं. हे कुणीही करेल."

"कुणीही करेल, पण टोचायचं मला आहे ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग तुम्हीच करा."

पेनातलं पहिलं कार्ट्रिज संपलं, आणि दुसऱ्या दिवशी मी खोलीत झाडायला गेले तर खोडरबराच्या भोकात शाईच्या जागी ते औषधाचं कार्ट्रिज उभं होतं. फ्रिजच्या दारात इन्सुलिनच्या जुन्या बाटल्या उरल्या होत्या, त्यातली एक टेबलावर. कापसाला स्पिरिटचा वास. सिरिंज कोरी, सुई कोरी, नुकती पाकिटातून काढलेली. मामंजी पुढच्या रबरी बुचातून औषध आत सोडत होते आणि कार्ट्रिजच्या मागचं रबर हळूहळू मागे सरकत होतं. टॉवेलावर टेकलेला हात स्थिर होता. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला होता.

"शाईचं सामान नाही ना वापरलं?" मी विचारलं.

"काय समजलीस मला? शाईचं शाईला. हे सगळं वेगळं."

"पण चालतं असं?"

"वाच." त्यांनी बाटली माझ्यापुढे धरली. नाव तेच, कार्ट्रिजवर होतं तेच. मुदतही संपलेली नव्हती. "चांगलं औषध आहे. गटारात ओतू?"

ज्या माणसाने आयुष्य इस्पितळात काढलं, त्याला मी काय सांगणार? झाडू उचलून मी बाहेर आले.

त्यानंतर सासूबाईंना तहान लागायला लागली.

आधी तांब्या उशाशी आला. मग तांब्या पुरेना. जेवून उठल्या की खुर्चीतच डोळा लागायचा, मटार सोलता सोलता मान कलायची. साखर तपासायच्या यंत्रावरचा आकडा दोनशेच्या वर गेला, मग अडीचशेच्या. औषध तर दोन्ही वेळा जात होतं. आम्ही सगळे आपापल्या परीने कारण शोधू लागलो, आणि सगळ्यांना एकच सापडलं.

"आई, बिस्किटांचा डबा कुणी संपवला?" ह्यांनी एका संध्याकाळी विचारलं.

"मला काय विचारतोस? तुझी लेक दात घासायच्या आधी चार खाते."

"तसं नाही, पण साखर अशी आपोआप चढत नाही ना."

सासूबाईंनी हातातला वाटाणा ताटात टाकला. "म्हणजे या वयात मी चोर."

"चोर कोण म्हणतंय?"

"तूच. फक्त शब्द जपून."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला, जिथे सासूबाईंचा हात पोचत नाही. ते मला आवडलं नाही, पण मी तो खालीही आणला नाही. सासूबाई माझ्याशी बोलायच्या थांबल्या. ह्यांच्याशीही. मामंजींशी मात्र बोलत होत्या, कारण ते काही म्हणाले नव्हते. त्यांना वेगळाच संशय होता. एकदा मी चहा घेऊन गेले तर ते टेबलाशी बसून डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्याच्याकडे नुसते बघत होते. औषध नीट आत जात नाही, आपलाच हात सुटतो, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. माझी चाहूल लागताच त्यांनी हात टेबलाखाली घेतला.

डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला. फरक पडेना, पुन्हा वाढवला. "आता उतरली नाही तर दाखल करावं लागेल," म्हणाल्या. "पायाची बोटं, डोळे, सगळ्यांवर परिणाम होतो. काहीतरी चुकतंय तुमच्या घरात." चुकतंय काय, हेच तर कळत नव्हतं.

फ्रिजमधल्या बाटल्या संपल्या. ह्यांनी येताना नव्या कार्ट्रिजांची पेटी आणली. सकाळी मामंजींनी रिकामं कार्ट्रिज काढलं, नवं बसवलं, वाढवलेल्या डोसचा आकडा लावला. मी शेजारीच उभी होते. टकटक झालं, सासूबाईंनी डोळे मिटले, मामंजींनी पेन पोटाला टेकवून दाबलं आणि मनातल्या मनात दहा मोजून काढलं. "झालं," म्हणाले. सासूबाई नाश्त्याला बसल्या आणि मी टेबल आवरायला घेतलं.

एका हातात शेवटची रिकामी बाटली होती, दुसऱ्यात ते जुनं कार्ट्रिज. दोन्ही कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात नजर पडली. नाव तेच होतं. नावाखाली बारीक अक्षरात बाटलीवर चाळीस छापलेलं, आणि कार्ट्रिजवर शंभर.

मी पेटीतलं नवं कार्ट्रिज काढून पाहिलं. शंभर.

"मामंजी," मी म्हटलं. "हे जरा बघा."

त्यांनी चष्मा लावला. बाटली वाचली, कार्ट्रिज वाचलं. मग पुन्हा बाटली. माझ्या डोक्यात अजून आकड्यांची जुळवाजुळव चालू होती. त्यांचा चेहरा आधीच पांढरा पडला.

"पातळ," ते म्हणाले. "मी पातळ औषध भरत होतो. पेनाची चकती शंभरच्या हिशोबाने मोजते; थेंब तेवढाच, पण त्यातलं औषध चाळीसचं, निम्म्याहून कमी. म्हणून चढत होती. म्हणून डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला." त्यांनी खुर्चीच्या पाठीला धरलं. "आणि आज वाढवलेला डोस मी दाट औषधाचा दिला."

बाहेर सासूबाई मुलीला वेणी घालायला हाका मारत होत्या.

मी फोन लावला. डॉक्टरीणबाईंना सांगताना मी वाक्य कुठून सुरू करावं ते ठरवत होते. "डॉक्टर, आज नवीन कार्ट्रिज लावलंय, आणि जरा गोंधळ..."

"कसला गोंधळ? आधीचंही कार्ट्रिजच होतं ना?"

मी मामंजींकडे पाहिलं. खरं सांगायचं तर त्यांना झाकायला मला दोन वाक्यं सुचली होती. त्यांनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"मी बोलतोय. कार्ट्रिज कंपनीचं, औषध बाटलीतलं. रिकामं झालं की मी भरत होतो. बाटली चाळीसची होती, मी नाव वाचलं, आकडा वाचला नाही. आज शंभरचं आहे आणि डोस तुम्ही वाढवलेला. दिलाय. आत्ताच." लॅबमध्ये रिपोर्ट वाचून दाखवावा तसे एका सुरात बोलले.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. भराभर सांगत गेल्या. पोटभर खायला घाला. दर पाव तासाने साखर तपासत राहा. खाली जायला लागली की साखरेचं पाणी द्या. गुंगी आली, गिळता येईनासं झालं, तर तोंडात काही घालू नका. गाडी आत्ताच बोलवा आणि त्यांना इकडे घेऊन या. मी ह्यांना गाडी घेऊन यायला फोन केला. "निघतो," एवढंच म्हणाले.

सासूबाईंना सगळं सांगावंच लागलं. त्या घास घेता घेता थांबल्या. "म्हणजे आता पडणार का मी?"

"पडू देत नाही," मामंजी म्हणाले. "बोट दे."

पण यंत्राची सुई त्यांच्या हातात थडथड उडत होती. बोटावर धरली की सरकायची. मी म्हटलं, "मी करते," तर सासूबाईंनी हात मागे ओढला. "यांनाच करू दे."

"अगं, माझा हात बघतेस ना?"

"केव्हापासूनचा बघतेय. टोचा."

मी मामंजींचं मनगट माझ्या दोन्ही हातांत धरून टेबलावर दाबून ठेवलं. हाताखाली ती थरथर मला कोपरापर्यंत जाणवत होती. टिकली एवढा थेंब आला. आकडा ठीक होता. पुढचा त्याच्याखाली. त्याच्या पुढचा एकदम खूप खाली, साठच्या आत. सासूबाईंच्या कपाळावर घाम आला. ओठाभोवती पांढरं पडलं. त्यांनी मला नणंदेच्या नावाने हाक मारली आणि विचारलं, सगळे का उभे आहेत, लग्न आहे का कुणाचं.

मी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढला. पेल्यात तीन-चार चमचे साखर ओतली, पाणी ढवळलं आणि त्यांच्या तोंडाशी नेलं. त्यांनी तोंड फिरवलं.

"आता साखर देता?" जीभ जड झाली होती, पण डोळ्यांत राग होता. "आधी डबा लपवलात. आता पाजता."

"आई, घ्या ना. हात जोडते."

"नाही घेणार. चोर आहे मी."

मामंजी त्यांच्या पायाशी खाली बसले. त्या वयात, फरशीवर. "अगं पी. मी सांगतोय, पी."

"आधी म्हणा. मी चोरून खाल्लं नव्हतं."

"नव्हतंस खाल्लं." मामंजी म्हणाले. "एक दाणासुद्धा नाही. माझं चुकलं. मी बाटली नीट वाचली नाही आणि सगळे तुला चोर ठरवत होते तेव्हा गप्प बसलो. आता पी."

सासूबाईंनी पेला दोन्ही हातांत धरला. हिंदकळून थोडं पाणी पदरावर सांडलं, पण बाकीचं त्या घटाघट प्यायल्या. मी दुसरा पेला केला. सुईसाठी पुन्हा मामंजींचं मनगट धरलं. आकडा तिथेच होता, हलला नव्हता. खाली गाडीचा आवाज आला, जिन्यात धावती पावलं वाजली, आणि ह्यांनी दारातून विचारलं, "शुद्धीवर आहे?"

"आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुझ्याशी मला बोलायचं आहे."

मी रिकामा पेला खाली ठेवला.

इस्पितळात त्यांना एक रात्र ठेवून घेतलं. साखर दोनदा आणखी घसरली आणि सलाईनने वर आली. डॉक्टरीणबाईंनी डोस पुन्हा पहिल्यासारखा केला आणि मामंजींना एकच गोष्ट सांगितली: औषधाचं रिकामं कार्ट्रिज पुन्हा भरायचं नाही. बाटली कितीचीही असो, माणूस कितीही अनुभवी असो. मामंजी मान खाली घालून ऐकत होते. वादाला आले नाहीत, हे बघून मला जास्त वाईट वाटलं.

घरी आल्यावर ह्यांनी जाहीर केलं. "आजपासून औषध बाबांच्या हातात नाही. ही देईल." ही म्हणजे मी. पेन त्यांनी माझ्या हातात ठेवलंही. मामंजी उठून मागच्या खोलीत गेले. टेबलाशी बसले असतील असं वाटलं, पण डबा उघडल्याचा आवाज आला नाही. दुकानदाराचा फोन येऊन गेला, कुणाचं तरी पेन अडलं होतं. "आता होत नाही," एवढंच सांगितलं त्यांनी.

संध्याकाळची वेळ झाली. मी पेन घेऊन सासूबाईंसमोर बसले. त्यांनी पदर धरला.

"आई, आता ह्यांनी सांगितलंय."

"त्याने सांगितलंय. पोट माझं आहे." आणि आतल्या खोलीकडे तोंड करून, "अहो! ऐकू येतंय का? वेळ झाली."

मामंजी दारात आले, पण आत येईनात. "तिला देऊ दे. माझ्याच्याने नाही."

"तुमची चूक टोचण्यात नव्हती, वाचण्यात होती," सासूबाई म्हणाल्या. "मग वाचायचं काम ही करेल. शिकलेली आहे, नजर घारीची. टोचायचं तुम्ही. आणि तुझं काय म्हणणं आहे?" हे मुलाला. ह्यांनी मान डोलावली. साखरेच्या डब्यापासून ते जरा जपूनच बोलत होते.

तसंच ठरलं आणि तसंच चाललंय. मी पेटी उघडते, छापलेलं सगळं मोठ्याने वाचते, चकती फिरवून आकडा मोठ्याने म्हणते. सासूबाई "बरोबर" म्हणतात. मग मी मामंजींचं मनगट धरते आणि ते टोचतात. शाईची कार्ट्रिजं त्यांनी पुन्हा भरायला घेतली, पण ते बऱ्याच दिवसांनी, दुकानदार स्वतः येऊन दारात बसला तेव्हा.

परवा पेनातलं औषध संपलं. मी नवं कार्ट्रिज वाचून बसवलं आणि जुनं टेबलावर ठेवलं. मामंजींनी ते उचललं. उजेडात धरलं, फिरवून पाहिलं, बोटाने मागचं रबर थोडं दाबून बघितलं. नळी अगदी नितळ होती, कुठे चरा नाही. सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मीही.

त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं.

"हे आधी बाहेर टाकून ये, सूनबाई," म्हणाले. "इथे राहिलं तर माझा हात राहायचा नाही."